चिलखत कुणाचं, मंत्र कुणाचा

अंगात चिलखत, हातात शस्त्र आणि वर मंत्रही येतोय असा योद्धा सगळ्यांनाच हवा असतो. नव्या मोहिमेची पात्रं ठरवायला बसलं की चारांतले दोघे तरी हेच मागतात. आम्ही सोलापुरात जेवणाच्या टेबलाभोवती बसून डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. या खेपेला असं एक पात्र कोऱ्या कागदापासून शीट भरेपर्यंत कसं ठरलं, कुठे अडलं आणि काय काय टाकून द्यावं लागलं, ते लिहून ठेवतो आहोत. मोहीम तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणार होती आणि पुढे उभं राहून मार खाणारं कुणी पार्टीत, म्हणजे पात्रांच्या गटात, नव्हतं. एवढंच आधीपासून ठरलेलं होतं.

सर्वांत आधी नियम कुठल्या सालचे ते ठरवून घ्या. २०१४ चे नियम आणि २०२४ चे सुधारित नियम दिसायला सारखे असले, तरी नेमके याच प्रकारच्या पात्रात ते वेगळे पडतात. जुन्या नियमांत पॅलाडिनला, म्हणजे शपथ घेतलेल्या योद्ध्याला, स्पेल (मंत्र) दुसऱ्या लेव्हलला मिळतात, नव्यात पहिल्यालाच. जुन्यात एल्ड्रिच नाइटला, म्हणजे मंत्र शिकलेल्या फायटरला, बहुतेक स्पेल दोनच शाखांमधून घ्यावे लागतात, नव्यात ते बंधन गेलं. एकाने एका सालचं वाचलेलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या सालचं, असं झालं की पहिली लढाई वादातच संपते. आम्ही २०१४ चे धरले. आणखी एक गोष्ट नव्या मंडळींच्या लक्षात येत नाही. २०२३ साली जो नियमसंच खुल्या परवान्याखाली आला, त्यात प्रत्येक क्लासचा, म्हणजे पात्राच्या पेशाचा, एकेकच उपप्रकार आहे आणि फायटरचा आहे चॅम्पियन. एल्ड्रिच नाइट त्यात नाही, तो मूळ खेळाडू-पुस्तिकेत बघावा लागतो. फुकटच्या पानांवर शोधून दमलेला खेळाडू शेवटी नाइलाजाने पॅलाडिन घेतो, हे आम्ही बऱ्याचदा पाहिलंय.

जुन्या आवृत्तीवर वाढलेल्यांचा एक गैरसमजही काढावा लागतो. तिसऱ्या आवृत्तीत चिलखत घालून जादूगारी मंत्र टाकला तर तो फसण्याचे टक्के असायचे, पूर्ण पोलादी चिलखताला तर ३५ टक्के. पाचव्यात टक्केवारी नाही. ते चिलखत वापरायचं प्रशिक्षण असेल तर मंत्र बिनधास्त टाका, नसेल तर टाकताच येत नाही. त्यामुळे ‘जादूगाराला लोखंड चालत नाही’ हे वाक्य आता कथेत ठेवायचं असेल तर ठेवा, नियमात त्याला आधार नाही.

क्लासची यादी उघडण्याआधी आम्ही खेळाडूला दोन प्रश्न विचारतो. चिलखताचे पैसे कुणी दिले? आणि मंत्र कुणी शिकवला?

पहिला प्रश्न पोरकट वाटतो, पण हिशेब करून बघा. नियमपुस्तिकेत अकुशल मजुराचा रोज २ चांदीची नाणी आहे आणि १० चांदीचं १ सोनं. साखळ्यांचं चिलखत, म्हणजे चेन मेल, ७५ सोन्याचं. म्हणजे ३७५ दिवसांची मजुरी, तीही एक घास न खाता. पूर्ण पोलादी चिलखत, प्लेट, १५०० सोन्याचं, म्हणजे ७५०० दिवस. वीस वर्षांहून जास्त! गरीब घरातला पोरगा प्लेट घालून फिरतोय म्हटल्यावर ते कुणीतरी दिलेलं असणार, किंवा कुणाच्या तरी अंगावरून काढलेलं. फायटर आणि पॅलाडिनला चेन मेल सुरुवातीच्या सामानात फुकट मिळतं, म्हणून हा प्रश्न कुणाला पडतच नाही. तो पाडून घ्यायचा. चिलखत म्हणजे या माणसाचं पहिलं कर्ज, मग धनको गाव असो, पेढी असो, बाप असो की मेलेला शत्रू.

दुसऱ्या प्रश्नाने क्लास ठरतो. मंत्र शिकून आला असेल तर बुद्धी लागते, आणि चिलखतवाल्या योद्ध्यासाठी त्याची वाट एल्ड्रिच नाइट. शपथेतून आला तर पॅलाडिन, आणि त्याला लागतो करिष्मा. देवस्थानाच्या सेवेतून आला तर क्लेरिक, त्यातही ज्यांना जड चिलखत चालतं असे वॉर, फोर्ज, लाइफ वगैरे पंथ. कुणाशी करार करून आला तर हेक्सब्लेड वॉरलॉक. स्वतःच्या हाताने घडवला तर आर्टिफिसर, आणि त्याचा आर्मरर हा उपप्रकार. लोक आधी क्लास घेतात आणि मग त्याला शोभेल असा भूतकाळ चिकटवतात. आमचं म्हणणं उलट आहे. आधी मंत्राचं मूळ, मग क्लास. कारण खेळताना पात्राला कुणापुढे मान खाली घालावी लागते ते या मुळावरून ठरतं.

आमच्या डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, जग आमच्या ओळखीचं ठेवलं होतं. मागांचं शहर, मधोमध तळं, तळ्याकाठी भुईकोट, आणि त्या कोटाची मालकी पिढीगणिक बदलणारी. हे फार लांबून आणावं लागलं नाही. आपल्या सोलापूरच्या किल्ल्यावरून आदिलशाही आणि निजामशाही लग्नातल्या आंदणाचा वाद घालत लढतच राहिल्या. मात्र एक रेघ आम्ही सुरुवातीलाच ओढली. सिद्धरामेश्वर, मार्कंडेय महामुनी, रूपाभवानी यांना खेळात आणायचं नाही, नाव बदलूनही नाही. गड्ड्याच्या जत्रेत ज्यांच्या घरची माणसं बाराबंदी घालून नंदीध्वजाबरोबर चालतात, त्यांच्यासमोर त्याच देवाच्या नावाने फासे टाकणं बरं दिसत नाही. आणि खेळाच्या दृष्टीनेही ते अडचणीचं, कारण तो देव चुकलाय असं कुणी म्हणू शकत नाही. शहर घ्या, धंदे घ्या, भांडणं घ्या.

पॅलाडिन लवकर बाद झाला. ताकदीने तो वरचढच. शत्रूला तलवार लागल्यावर पहिल्या पातळीचा एक स्लॉट (दिवसाला मोजून मिळणारी मंत्राची एक खेप) जाळून २डी८, म्हणजे आठ बाजूंच्या दोन फाशांएवढा, जास्तीचा मारा, तिसऱ्या लेव्हलला स्पर्शाने बरं करायचे १५ पॉइंट. पण आमच्या खेळाडूला शपथ घेतलेला माणूस खेळायचा नव्हता. ‘मला सगळ्यांना नाही म्हणायला लागेल’ हे त्याचं म्हणणं आम्हाला पटलं. क्लेरिक पार्टीत होताच. हेक्सब्लेडला मध्यम चिलखत आणि ढाल चालते आणि हल्लाही करिष्म्यावरच होतो, त्यामुळे आकडे फार सुटसुटीत बसतात. तोच त्याचा दोष. जो तो ते एक लेव्हल चाखून पुढे जातो आणि करार करणारा तो कुणीतरी पुन्हा कधी दारात येत नाही.

खरा वेळ गेला आर्मररवर. कल्पना अशी होती: मागाचा जॉबर. मोडलेला माग उघडून बसवणारा, ज्याने रिकाम्या वेळात स्वतःचं चिलखत जोडलं आणि त्यातच जादू भरली. नियमात ते सुंदर बसतं. आर्मरर तिसऱ्या लेव्हलला जड चिलखत शिकतो, त्याला ताकदीची अट लागत नाही, चिलखतच त्याचं मंत्राचं साधन असतं आणि एका अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे आपल्या पाळीतल्या एका कृतीत, ते अंगावर चढतं. मुठीतून १डी८चा गडगडाटी ठोसा, आणि ज्याला लागला त्याला बाकीच्यांवर हल्ला करताना तोटा. पुढे उभं राहणाऱ्याला याहून काय हवं! पण दोन प्रश्न विचारले आणि गाडी अडली. चिलखताचे पैसे कुणी दिले? त्यानेच. मंत्र कुणी शिकवला? त्यानेच. म्हणजे हा माणूस कुणाचंच काही लागत नाही. डीएमला त्याला ओढायला दोरीच उरत नाही. तुमच्या टेबलावर आर्मरर हवाच असेल तर लोखंड तरी उधारीवर आणवा.

जॉबर गेला, पण त्याच्या बाजूचं एक यंत्र टेबलावर राहिलं. सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्डवर निघते, हे इथे कुणाला सांगायला नको. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा दोरा उचलला जातो, जिथे नाही तिथे तो खालीच राहतो. बाण्याच्या प्रत्येक ओळीला एक कार्ड. मग मंत्र असाच कार्डावर का नसावा? आणि हे बोलताना कुणाच्या तरी लक्षात आलं की एल्ड्रिच नाइटचे नियम नेमके असेच आहेत. त्याच्याकडे जादूगाराची पोथी नसते. तिसऱ्या लेव्हलला त्याला पहिल्या पातळीचे मोजून तीन स्पेल येतात आणि पुढे लेव्हल वाढली की एक जुना काढून त्या जागी नवा घेता येतो. कमरेला तीन कार्डं, लेव्हल वाढली की एक बदलायचं. नियमाला हात न लावता कल्पना बसली. असं बसलं की थांबायचं आणि तेच घ्यायचं.

इथे एक मोह होतो, तो टाळा. कार्डं आहेत म्हणजे ती भिजतील, फाटतील, चोरीला जातील, मग मंत्र येणार नाही, असं डीएमला सुचतं. ते करू नका. बाकीच्या एल्ड्रिच नाइटना नसलेला दंड केवळ कल्पना छान सुचली म्हणून या खेळाडूला बसता कामा नये. आमच्याकडे ठरलं ते असं: मंत्र बोटांना पाठ आहे, कार्ड नुसतं चाचपायचं असतं. चोरीला गेलं तर दुःख होईल, स्लॉट जाणार नाही.

मग दोन्ही प्रश्नांची उत्तरं पाच मिनिटांत आली. चिलखत कापडाच्या पेढीचं. गाड्यांबरोबर पहारेकरी म्हणून जायचं, रोज २ सोनं पगार, त्यातलं १ चिलखतापोटी कापून. ७५ पैकी ३५ फिटलेत, ४० बाकी. मंत्र एका म्हाताऱ्या कार्ड कापणारीचा. तिच्याकडे शिकताना तीन कार्डं त्याने न विचारता उतरवून घेतली आणि ते तिला ठाऊक आहे. पेढीला त्या बाईची नक्षी हवी आहे आणि तिला पेढी गावातून घालवायची आहे. बस. भूतकाळ याहून लांब लिहू द्यायचा नाही. अर्धं पान हद्द. पाच पानं लिहून आणणाऱ्याच्या पात्राच्या आयुष्यात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, मग टेबलावर करायला काय उरतं?

आता आकडे. ठरलेली मांडणी १५, १४, १३, १२, १०, ८ अशी घेतली. ताकद १५, काटकपणा १४, बुद्धी १३, शहाणपण १२, चपळाई १०, करिष्मा ८. पर्यायी मानव घेतला की दोन गुणांत एकेक वाढ आणि एक फीट, म्हणजे खास कौशल्य, पहिल्याच लेव्हलला मिळतं. इथे बहुतेक जण खड्ड्यात पडतात. त्यांना वॉर कास्टर हवं असतं, कारण या पात्रासाठी सगळीकडे तेच सुचवलेलं असतं. पण त्याची अट आहे की किमान एक स्पेल टाकता आला पाहिजे, आणि पहिल्या लेव्हलच्या फायटरला एकही येत नाही. खेळ तिसऱ्यापासून सुरू होत असला तरी पात्र पायरी पायरीने चढवायचं असतं. म्हणून वॉर कास्टर चौथ्या लेव्हलला. पहिल्याला आम्ही हेवी आर्मर मास्टर घेतलं. ताकदीत १ वाढ, आणि जड चिलखत अंगात असताना साध्या शस्त्रांच्या प्रत्येक घावातून ३ वजा. मानवाच्या दोन वाढी काटकपणा आणि बुद्धीला. शेवटी ताकद १६, काटकपणा १५, बुद्धी १४. हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, १२ आणि मग ८, ८, एकूण २८. चेन मेलला ताकद १३ लागते, नाहीतर वेग १० फुटांनी कमी होतो. तो प्रश्न इथे नव्हता. आर्मर क्लास १६, म्हणजे हल्ल्याचा एकूण आकडा निदान १६ आला तरच घाव लागतो. त्याला आम्ही एसी म्हणतो, आणि मे महिन्यात सोलापुरात ‘माझा एसी सोळावर आहे’ या वाक्याला कुणीतरी हसतंच.

बुद्धी १४ म्हणजे स्पेलचा डीसी, म्हणजे त्यातून सुटायला समोरच्याने फाशाने गाठायचा आकडा, ८ अधिक २ अधिक २, फक्त १२. निम्मे शत्रू तो हसत हसत पार करतात. म्हणून समोरच्याला सेव्ह करायला, म्हणजे सुटकेचा फासा टाकायला, लावणारे स्पेल या पात्राने घ्यायचेच नाहीत. स्वतःवर टाकायचे किंवा हमखास लागणारे घ्यायचे. तीनपैकी दोन संरक्षण आणि ऊर्जा या शाखांतले हवेत. शील्ड (हातातली ढाल नव्हे, घाव येताच एसी ५ ने वाढवणारा मंत्र) घेतला, मॅजिक मिसाइल घेतला. मिसाइलचे तीन बाण, प्रत्येकी १डी४ अधिक १, चुकत नाहीत, सरासरी साडेदहा. तिसरा कुठल्याही शाखेचा चालतो, तिथे सोबती प्राणी बोलावणारा फाइंड फॅमिलियर. कुणीतरी नान्नजचा माळढोक सोबती म्हणून मागितला. तो यादीत नाही, आणि दहा-पंधरा किलोचा पक्षी खांद्यावर घेऊन लढणार कसं? विणकराला कोळी शोभतो, तो यादीत आहे. १ हिट पॉइंटचा, पण भिंतीवरून सरसर जातो. लक्षात ठेवा, एल्ड्रिच नाइटला विधी म्हणून स्पेल टाकता येत नाही. जादूगार तो स्लॉट न घालवता टाकतो, याचा मात्र स्लॉट जातो, वर १० सोन्याचं सामान आणि एक तास. दोनच स्लॉट असलेल्या माणसाने ते आदल्या दिवशी उरकून घ्यावं. कँट्रिपमध्ये, म्हणजे स्लॉट न घालवता टाकायच्या मंत्रांत, फायर बोल्ट, लांबून काहीतरी हवंच म्हणून, आणि मेंडिंग. एक फुटापर्यंतची फाट सांधणारा मंत्र विणकराकडे नसला तर मग कुणाकडे असणार.

यानंतर हात. या प्रकारच्या पात्रात सर्वांत जास्त चुका इथे होतात आणि वाचून त्या कळत नाहीत. म्हणून आम्ही प्रत्यक्ष करायला लावतो. उजव्या हातात लाटणं, डाव्या हातात स्टीलचं ताट. डीएम म्हणतो, तुझी पाळी नाहीये, बाण येतोय, शील्ड टाक. खेळाडू लाटण्यासकट हात हलवतो. ‘हात कुठंय बे मोकळा?’ शील्डला शब्द आणि हस्तमुद्रा दोन्ही लागतात, आणि मुद्रेला रिकामा हात. तलवार म्यान करणं तुमच्या पाळीत फुकट होतं, दुसऱ्याच्या पाळीत होत नाही. तलवार-ढाल घेतलेल्या एल्ड्रिच नाइटने वॉर कास्टर मिळेपर्यंत शील्ड शिकून काही उपयोग नाही. स्वतःच्या पाळीत वाट आहे. हा योद्धा एक तासाचा विधी करून शस्त्राशी बंध जोडतो. मग तलवार खाली टाका, अ‍ॅक्शनने मंत्र टाका, बोनस अ‍ॅक्शनने तलवार पुन्हा हातात बोलवा. मॅजिक मिसाइल असा निघतो. पॅलाडिनचीही थोडी अडचण आहे. ढालीवरचं पवित्र चिन्ह ब्लेससारख्या सामान लागणाऱ्या स्पेलला चालतं, पण क्युअर वूंड्सला सामान लागत नाही, नुसती मुद्रा लागते, म्हणून काटेकोर नियमाने तिथेही एक हात रिकामा हवा.

खेळाडूला हवा होता दांडपट्टा. आपल्याकडचं शस्त्र, आणि हाताच्या या भानगडीत फार मजेशीर. पट्ट्यात मूठ आडवी असते, पोलादी खोबळा कोपरापर्यंत चढतो आणि मनगट जखडतं. वार खांद्यातून आणि कोपरातून काढायचा. ते कसं वाटतं हे कळायला हात उंच डब्यात कोपरापर्यंत घालून बघा. त्या हाताने ना मुद्रा होईल, ना दार उघडेल. नियमपुस्तिकेत पट्टा नाही, म्हणून आम्ही ठरवलं ते असं. लाँगसोर्डचे आकडे, १डी८, पण दोन हातांनी धरायची सोय काढली. चढवायला किंवा उतरवायला एक अ‍ॅक्शन. हातातून उडवता येत नाही. हा शेवटचा फायदा शस्त्राशी बंध जोडणाऱ्या योद्ध्याला आधीच असतो, त्यामुळे काही फुकट दिलं असं झालं नाही. आणि तलवार खाली टाकायची युक्ती पट्ट्याला लागू नाही. मग मार्ग एकच. डावा हात रिकामा ठेवायचा, ढाल नाही.

मारामारीत यात फारसं जात नाही. एका हाताच्या शस्त्राची ड्यूएलिंग शैली घेतली की १डी८ अधिक ३ अधिक २, सरासरी साडेनऊ. दोन हातांची मोठी तलवार तिच्या खास शैलीशिवाय २डी६ अधिक ३, सरासरी दहा. अर्ध्या पॉइंटाचा फरक. बचावात मात्र प्रामाणिकपणे सांगायचं तर ढालच जिंकते. ढालीचे २ दर फेरीला मिळतात, शील्डचे ५ दिवसातून दोनदा. ऑगर या धिप्पाड राक्षसाचं उदाहरण घ्या. हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर त्याला अधिक ६. १६ च्या एसीवर तो ५५ टक्के वेळा लागतो, ढाल असती तर ४५, शील्ड टाकला तर ३०. खेळाडूला हा हिशेब मांडून दाखवला आणि त्याने पट्टाच घेतला. चौथ्या लेव्हलला वॉर कास्टर मिळालं की डाव्या हातात ढाल येईल, तोवर उघड्या हाताने लढायचं, आणि ती ढाल कुणाकडून घ्यायची हाही एक प्रश्न राहील. आकड्यांनी हरलेला पर्याय डोळे उघडे ठेवून घेतला तर आमची हरकत नसते. न कळता घेतला तर तिसऱ्या रविवारी पात्र बदलायची मागणी येते.

शील्ड टाकणाऱ्या पात्रासाठी डीएमकडून एक गोष्ट आधीच कबूल करून घ्या: हल्ल्याचा एकूण आकडा मोठ्याने सांगायचा. शील्ड घाव लागल्यावर टाकतात. एकूण १६ ते २० आला असेल तरच तो उपयोगी, २१ किंवा त्याच्या वर गेला तर स्लॉट वाया. पडद्याआड फासे टाकून नुसतं ‘लागला’ म्हणणारा डीएम असेल तर हा स्पेल निम्मा आंधळा होतो.

चिलखताच्या दोन गोष्टी कल्पनेतच धरायला हव्यात, नंतर आठवल्या तर त्रास होतो. जड चिलखत चढवायला १० मिनिटं लागतात, उतरवायला ५. रात्री तळावर छापा पडला की हा योद्धा लंगोटावर उभा, आणि चपळाई १० असल्याने एसी सरळ १०. चेन मेलमध्ये लपूनछपून जाताना फासे दोनदा टाकून कमी आकडा धरावा लागतो, यालाच तोटा म्हणतात. म्हणून ‘गुप्तहेर पहारेकरी’ ही कल्पना मागे आली तेव्हा आम्ही ती लगेच सोडली. आणि ऊन. नियमात १०० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३८ सेल्सियसच्या वर, प्यायला पाणी नसेल तर दर तासाला काटकपणाचा सेव्ह, डीसी ५ पासून तासागणिक एकेक चढत. मध्यम किंवा जड चिलखतवाल्याला तो तोट्याने. हा नियम कुठे फारसा कुणी वापरत नाही. आमच्याकडे ३८ म्हणजे उन्हाळ्याची नुसती सुरुवात, त्यामुळे डीएमने तो पहिल्याच प्रवासात लावायचं जाहीर केलं आणि शीटवर पाण्याच्या दोन पखाली वाढल्या.

बोलणं शेवटी ठरवलं. आवाज काढायचा आग्रह आम्ही धरत नाही. तीन वाक्यं मात्र लिहून घेतो: हा माणूस नाही कसं म्हणतो, मागतो कसं, आणि चिडल्यावर काय म्हणतो. पेढीवर ‘बघतो की, सावकार’, म्हणजे नाही. सोबत्यांना ‘अर्धा घोट ठेव बे माझ्यासाठी’. चिडला की बोलत नाही, पट्टा उतरवतो, म्हणजे एक अ‍ॅक्शन घालवतो, आणि हे टेबलावर सगळ्यांना कळतं. सवय एकच दिली: विचार करताना डाव्या अंगठ्याने कार्डाची भोकं चाचपतो. दोन सवयी दिल्या की दुसरी विसरली जाते.

शीट पेन्सिलीने भरा आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. आमच्याकडे मध्येच कडक भाकरी आणि शेंगाचटणी येते, आणि चटणीचं तेल लागलेल्या कागदावर पेन उठत नाही.

पक्कं करण्याआधी तीन फेऱ्यांची लुटुपुटूची लढाई लावली, दोन गोब्लिन आणि एक ऑगर. गोब्लिनचा घाव १डी६ अधिक २, त्यातून चिलखताचे ३ वजा, म्हणजे सरासरी अडीच. ते टोचत राहिले. दुसऱ्या फेरीत ऑगरचा एकूण आकडा १९ आला, शील्ड टाकला, वाचला. तिसऱ्या फेरीत २३ आला, सोटा बसला, १३ मधून ३ गेले, १० लागले. एक स्लॉट शिल्लक, हिट पॉइंट १३. दोन गोष्टी बदलाव्या लागल्या. फायर बोल्ट टाकताना शत्रू अगदी जवळ असेल तर तोट्याने टाकावा लागतो हे शीटवर लिहिलेलं नव्हतं, ते लिहिलं. आणि कमरेला एक साधा खंजीर वाढवला, डाव्या हाताने दोर कापायला, कारण उजव्या हाताला तो कापता येणार नाही.

शीटच्या मागे दोन ओळी आहेत. पेढी: बाकी ४० सोनं. कार्ड कापणारी: तीन कार्डं. पहिली ओळ दर आठवड्याला खोडून कमी करायची आहे, दुसरीपुढे आकडा काय लिहायचा ते अजून ठरलेलं नाही.